धरसोड

१

मास्तरांनी उभ्या जन्मात शाळेत एक तासही शिकवला नव्हता. ते गाड्या दुरुस्त करत. पण दारात येऊन कुणी "गाडी बंद पडलं" म्हणालं, की त्यांचा हात पान्यावरच थांबे. "पडली," ते म्हणत. "गाडी ती. पडली." आणि गिऱ्हाईकानं मुकाट्यानं "पडली" म्हटल्याशिवाय ते बॉनेट उघडत नसत. गल्लीनं त्यांना मास्तर केलं ते त्यापायी, आणि त्यांची बायको आपोआप मास्तरीणबाई झाली. लोक पाठीमागे हसत, पण ब्रेकचं काम निघालं की दुसरीकडे जात नसत.

ब्रेकचं काम एकट्याचं नव्हे. नळ्या उघडल्या की ब्रेकच्या तेलात हवा शिरते, आणि हवा शिरली की पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली जातं, गाडी मात्र थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकामागे आडवं पडून एक बारीक निपल पान्यानं सैल करायचा, बुडबुडे आणि तेल बाहेर पडू द्यायचं आणि निपल पुन्हा आवळायचा. तो आवळला जाईपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं मुसळ केरात.

दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. सगळा कारभार शब्दावर चालतो. खालचा म्हणतो, "धर." वरचा पेडल दाबून सांगतो, धरलं म्हणून. मग खालचा म्हणतो, "सोड." हा शब्द आल्याशिवाय पाय हलत नाही.

मास्तरीणबाई लग्नानंतर पहिल्यांदा सीटवर बसल्या, तेव्हा त्यांनी उत्तर दिलं, "धरलंय."

"धरलाय," मास्तर गाडीखालून म्हणाले. "ब्रेक तो ब्रेक."

"मी पाय ठेवलाय पेडलवर. ते पेडल. ब्रेक तिकडे चाकात, तुमच्याजवळ. धरलाय तुम्ही म्हणा."

व्याकरणात मास्तर हरल्याची ही एकुलती एक नोंद. तेव्हापासून त्या घरात "धरलंय"च चालू राहिलं. "आमचा संसार म्हणजे नुसती धरसोड," असं मास्तरीणबाई शेजारणींना सांगत, आणि खरं काय ते न कळून शेजारणी त्यांच्याकडे कणवेनं बघत.

त्यांना एकच मुलगी. पायाला कधी थारा नसायचा म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. तिचे पाय पेडलला पुरायला लागले तशी तीही सीटवर बसू लागली, आणि आईचं ऐकून ऐकून "धरलंय"च म्हणू लागली. एकदा मास्तर चाकाखालून उठले, गिऱ्हाईकाशी बोलत गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि तिथंच रमले. परत आले तर पोरगी स्टिअरिंगला धरून, दोन्ही पाय पेडलवर रोवून बसलेली. पोटऱ्या थरथरत होत्या, डोळ्यांत पाणी. "तुम्ही सोड म्हणालाच नाहीत," ती म्हणाली. मास्तर दिवसभर तिला खांद्यावर घेऊन फिरले.

आता ती भिंगरी मोठी झाली होती. डोंगरापलीकडच्या एका दवाखान्यात तिला प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं, आणि तिची जुनी गाडी बापाच्या गॅरेजात ब्रेकचं मॉड्यूल जळून पडली होती.

२

हे मॉड्यूल म्हणजे ब्रेकचा मेंदू. पावसात, उतारावर चाक घसरायला लागलं की तो माणसाच्या आधी ओळखतो आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच कितीतरी वेळा ब्रेक धरतो, सोडतो, धरतो, सोडतो. त्याच्याशिवाय गाडी चालते. पण मास्तर ती पोरीच्या हातात देणार नव्हते, तेही डोंगराच्या रस्त्यावर. नवं मॉड्यूल यायला कित्येक महिने लागतील, असं दुकानदार म्हणाला. म्हणून ते भंगारशेठकडे गेले.

"या मास्तर! भंगार तो की ते?"

"ते. पण भंगारवाला तो, आणि डोकं खातो."

शेठ खूश होऊन हसला आणि त्यांना मागच्या आवारात घेऊन गेला. भिंगरीच्या गाडीसारखीच गाडी होती, तीच कंपनी, तेच मॉडेल. तिच्यावर साधा ओरखडाही नव्हता.

"ही भंगारात कशी आली?"

"न्यायलाच कुणी आलं नाही. उतारावर उभी सापडली म्हणे. इंजिन चालू, आत माणूस नाही. चारही चाकं धरलेली. ढकलली तर हलेना, दोर लावून ओढली तर टायर घासायला लागले. शेवटी क्रेननं उचलून आणली. ठेवली तेव्हापासून तशीच आहे."

"हँडब्रेक?"

"खाली."

मास्तरांनी खिडकीतून आत बघितलं. क्लचवरच्या आणि अॅक्सिलरेटरवरच्या रबराच्या रेघा अजून ताज्या होत्या. मधल्या, ब्रेकच्या पेडलवरचं रबर मात्र झिजून झिजून आतलं लोखंड चकाकत होतं. एकाच पेडलवर पाय ठेवून गाडी चालवणारा कोण महाभाग, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी बॉनेट उघडलं.

पेडलकडून मॉड्यूलला येणारी नळी त्यांनी सैल केली मात्र, तेलाची चिळकांडी उडून त्यांच्या हनुवटीवर बसली. गाडीच्या अंगातून एक कुरकुर निघाली, आणि इतके महिने न हललेली ती गाडी मऊ मातीत वीतभर पुढे सरकली.

"अरेच्चा!" शेठ दोन पावलं मागे गेला.

मास्तरांनी तोंड पुसलं. नळीत असा दाब राहतो तो पेडलवर पाय असेपर्यंत. पाय नसेल, तर वरचा, पेडलमागून दाब देणारा मास्टर सिलिंडर अडकलेला असला पाहिजे. म्हणजे दोष वरचा, तो या गाडीबरोबर इथंच राहणार. मॉड्यूल निर्दोष. हा हिशोब त्यांनी मनात दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा तो बरोबर आला. तरी मॉड्यूल फडक्यात गुंडाळून घरी नेताना त्यांनी ते पिशवीत टाकलं नाही, हातातच धरलं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

३

टेबलावर तपासलं तेव्हा मॉड्यूलनं कसलीही तक्रार केली नाही. आतल्या सगळ्या झडपा टकटक वाजल्या. मास्तरांनी ते भिंगरीच्या गाडीत बसवलं, स्कॅनर जोडून त्याला नव्या गाडीची ओळख करून दिली आणि सकाळच्या चहानंतर बायकोला हाक मारली.

गॅरेज घराच्या खालच्या मजल्यावर होतं. एक लोखंडी शटर, एक आतलं दार, त्यातून चार पायऱ्या चढलं की स्वयंपाकघर. गाडी स्टँडवर चढवलेली होती. मास्तरीणबाई ओचा खोचून सीटवर बसल्या. सगळ्यात लांबचं चाक आधी, असा नियम. मास्तर मागच्या चाकाशी आडवे झाले.

"धर."

"धरलंय."

बुडबुडे आले, तेल आलं.

"सोड."

"सोडलंय. आज संध्याकाळी भिंगरी येते म्हणाली. लवकर आटपा."

मागची दोन्ही चाकं झाली. मास्तर पुढच्या चाकाशी सरकले. या खेपेला स्कॅनरनं मॉड्यूलचा पंप चालवायचा होता, म्हणजे आत कुठे हवा अडकली असली तर तीही निघाली असती. पंप घरघरायला लागला. त्या घरघरीत बायको काहीतरी बोलली, पण ती सारखंच काहीतरी बोलत असते.

"धर," मास्तर ओरडले.

"धरलाय."

मास्तर गाडीखाली पडल्या पडल्या हसले. इतक्या वर्षांनी बाई शुद्धीवर आली! त्यांनी निपल सैल केला. तेल जोरात आलं, सरळ धारेनं, जोर लावून धरल्यासारखं. एकही बुडबुडा नव्हता. त्यांनी निपल आवळला. पंप थांबला.

"ऐकलंस शेवटी माझं," ते म्हणाले. "आता सोड."

"सोडलाय."

आवाज जवळून आला, अगदी सीटवरून. पण त्यात बायकोची चिडचिड नव्हती. फार वेळ उभं राहिलेल्या माणसाला कुणी बस म्हटल्यावर जसा निघतो, तसा तो आवाज होता. मास्तर पाठीवर घसरत बाहेर आले.

सीटवर कोणी नव्हतं.

आतलं दार उघडून मास्तरीणबाई पदराला हात पुसत पायऱ्या उतरत होत्या. "भिंगरीचाच फोन. दुपारीच निघते म्हणाली. अहो, असे काय बघताय? सांगून गेले ना मी, थांबा जरा म्हणून?"

"मग धरलं कोणी?"

"काय धरलं?"

मास्तरांनी चाकाखाली तेल गोळा करायला ठेवलेल्या बाटलीकडे बघितलं. तळाला ताजं, पिवळं, निव्वळ तेल होतं. निपल उघडा राहिला की तेल आपोआपही ठिबकतं, हे त्यांना माहीत होतं. आणि जन्मभर जे उत्तर ऐकलं ते न देताही कानाला ऐकू येऊ शकतं, हेही पटण्यासारखं होतं. पटलं नाही ते एवढंच, की त्यांच्या कानाला सवय होती ती "धरलंय"ची.

४

उरलेलं चाक त्यांनी बायकोला बसवून केलं. ती तीनदा "धरलंय" म्हणाली आणि तिन्ही वेळा मास्तरांनी "काय?" म्हणून विचारलं. "कान तपासून घ्या," असं सांगून ती स्वयंपाकाला गेली.

मास्तर एकटे राहिले. शटर अर्धं ओढलेलं होतं, बाहेर उन्हाचा पांढरा पट्टा. स्कॅनरच्या पडद्यावर गाडीतली एकेक गोष्ट ओळीनं येत होती. चाकांचा वेग शून्य. तेलाची पातळी ठीक. ब्रेक पेडल दाबलेलं.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दाबलेलं.

मग मागच्या भिंतीकडे त्यांचं लक्ष गेलं. चुन्याची भिंत लाल झाली होती. गाडीचे ब्रेकचे दिवे लागलेले होते.

पेडलजवळ एक छोटा स्विच असतो, तो बिघडला की असं होतं. यात नवल नाही, रोजचं दुखणं. मास्तर ड्रायव्हरच्या दारातून आत वाकले, बॅटरीचा झोत खाली टाकला आणि स्विच बघायला गेले. स्विच बरोबर होता. पेडलच खाली होतं. दीड-दोन बोटं खाली, आणि तिथं ते स्थिर नव्हतं. दाबून धरणाऱ्या माणसाचा पाय दमला की तो जसा किंचित ढळतो आणि पुन्हा जोर घेतो, तसं ते अगदी बारीक हलत होतं.

मास्तरांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. तेवढ्यानं त्यांना स्वतःचाच राग आला. अख्खं आयुष्य ब्रेकमध्ये घातलेला माणूस, आणि एका पेडलला हात लावायला कचरतोय. स्प्रिंग अडकली असेल. नळीत दाब उरला असेल. काय वाटेल ते असेल.

"सोड ना आता," ते स्वतःलाच म्हणाले, डोक्यातला किडा झटकावा तसे.

पेडल वर आलं. खटकन नाही, हळू. कुणीतरी आपला पाय सांभाळून उचलावा तसं. मागची भिंत पुन्हा पांढरी झाली.

मास्तर ड्रायव्हरच्या दाराला धरून बराच वेळ वाकलेलेच राहिले. भीती वाटली असं म्हणण्यापेक्षा, आपण कुणाच्यातरी खाजगी गोष्टीत डोकावलो अशी लाज त्यांना वाटली. भीती नंतर आली, जेवताना.

५

"काढून टाका ते," मास्तरीणबाई सगळं ऐकून म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, यानं मास्तर जास्तच हादरले.

"काढलं तर ती जाणार कशी?"

"बसनं जाईल."

"तिथं बस दिवसातून एकदा. आणि काढू कशापायी? पेडल हललं म्हणून? लोक वेड्यात काढतील."

"मग ठेवा."

"ठेवू कसं?"

"अहो, एक काहीतरी करा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं किती वेळ बसणार?"

तेवढ्यात भिंगरी आली, आणि आल्या आल्या गाडीभोवती दोन चकरा मारून तिनं किल्ली मागितली. मास्तर तिच्या शेजारी बसले. चक्कर मारून बघू, काही खटकलं तर काढून टाकू, असं त्यांनी मनात ठरवलं. ठरवण्यात ते नेहमीच पटाईत होते.

गाडी छान चालली. वळणावर, गर्दीत, ओल्या रस्त्यावर ब्रेक मऊ आणि नेमका लागत होता. भिंगरी गाणं गुणगुणायला लागली. मास्तरांची आवळलेली मूठ हळूहळू सैल झाली. बाजाराच्या कोपऱ्यावर एका दुकानाच्या आडून सायकल एकदम समोर आली, वर एक म्हातारा, पुढे भाजीची टोपली. गाडी जागच्या जागी थांबली. म्हाताऱ्याचं धोतर बंपरला लागलं असेल नसेल. तो शिव्या घालत निघून गेला.

"बाबा," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती हसत होती. "काय ब्रेक लावलेत हो! मी पाय ठेवायच्या आधीच थांबली."

मास्तरांनी खाली बघितलं. तिचा पाय अजून अॅक्सिलरेटरवर होता. ब्रेकचं पेडल तळाशी टेकलेलं होतं.

ही जुनी गाडी. समोरचं बघून आपणहून थांबण्याची अक्कल हिच्यात कुणी घातलेली नव्हती. हे मास्तरांना ठाऊक होतं. पण म्हातारा वाचला होता, पोरगी वाचली होती, आणि जे कोण होतं त्यानं वाईट काहीच केलं नव्हतं. उलट राखणच केली होती. मास्तरांना हा विचार फार आवडला. त्यांनी तो घट्ट धरून ठेवला.

"बाबा, सांगा ना, काय केलंत?"

"काही नाही. हवा काढली," ते म्हणाले.

पेडल आपोआप वर आलं. भिंगरीचं लक्ष नव्हतं.

६

शनिवारी मास्तरांनी मॉड्यूल काढायचं ठरवलं. रविवारी सकाळी ते पाने घेऊन खाली उतरले, तर भिंगरी गाडीत सामान भरत होती. खोलीचा मालक गावाला जाणार होता, किल्ली आजच देतो म्हणाला होता.

"आज नको जाऊस. एक काम राहिलंय ब्रेकचं."

"कसलं?"

मास्तर पाने हातात घेऊन उभे राहिले. कसलं ते सांगायला त्यांना शब्द सापडला नाही. ज्यांनी गल्लीभर सगळ्यांचे शब्द सुधारले, त्यांना.

"बारीकसं आहे. होईल नंतरही," ते म्हणाले. मास्तरीणबाईंनी पायरीवरून त्यांच्याकडे जे बघितलं, ते त्यांनी बघितलं नाही असं केलं.

"पोचलीस की फोन कर. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेव."

"हो हो. मी काय कालच गाडी चालवायला लागले?" भिंगरीनं आईच्या गळ्यात हात टाकला, बापाच्या टकलावर टपली मारली आणि ती गेली. मागचे दिवे कोपऱ्यावर लाल झाले, मग गल्ली मोकळी झाली.

फोन आला तो जेवणाच्या वेळेला. ताटं वाढलेली होती.

"बाबा, ब्रेक धरलाय." साधा, गॅरेजातला आवाज, एखाद्या मेकॅनिकनं दुसऱ्याला सांगावं तसा. "डोंगराच्या उतारावर आहे. आपोआप थांबली आणि आता हलत नाही. पेडल तळाला गेलंय. माझा पाय नाहीये त्याच्यावर."

"सोड" हा शब्द त्यांच्या जिभेवर आला आणि त्यांनी तो दातांखाली दाबला. गाडी उतारावर, तोंड खाली, पोरगी आत. आत्ता सोडून चालणार नव्हतं.

"इंजिन?"

"चालूच आहे. बाबा, पेडल थरथरतंय हो."

"त्याच्याकडे बघू नकोस. हँडब्रेक ओढ आणि खाली उतर."

"थांबा, फोन सीटवर ठेवते. फार कडक झालाय हा..."

काही ऐकू येईना. नुसतं इंजिन. मास्तरीणबाईंनी मास्तरांचं मनगट पकडलं होतं. "झालं का?" मास्तर ओरडले. उत्तर नाही. मास्तरांना डोळ्यांसमोर तो उतार दिसला, न ओढलेला हँडब्रेक दिसला, आणि इतकी वर्षं चाकाखालून ओरडायची सवय असलेल्या त्यांच्या घशातून तो शब्द आपोआप निघाला.

"धर!" ते ओरडले. "अगं घट्ट धर!"

फोनमध्ये पेडल वर आल्याचा आवाज झाला. लगेच पुन्हा खाली गेल्याचा. मास्तर तो आवाज झोपेतही ओळखतील.

मग उत्तर आलं. दमलेला, शांत, सांगितलेलं काम नीट करणाऱ्या माणसाचा आवाज.

"धरलीय."

मास्तर उभेच राहिले. गाडी, त्यांनी मनात म्हटलं. गाडी ती गाडी. गाडी धरलीय. व्याकरणात बसतं. दुसरं कुणी त्या शब्दात बसू नये म्हणून त्यांनी ते पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. बायकोनं त्यांच्या हातातला फोन घेतला आणि "भिंगरे, भिंगरे" म्हणून हाका मारायला सुरुवात केली.

७

एका गिऱ्हाईकाची गाडी घेऊन भर उन्हात ते तिथं पोचले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि उताराच्या मध्यावर भिंगरीची गाडी, आपल्या बाजूला नीट उभी. ब्रेकचे दिवे उन्हातही लाल दिसत होते. इंजिन चालू होतं.

आत कोणी नव्हतं.

मागच्या सीटवर तिचं सामान होतं. हँडब्रेक खाली होता. तिचा फोन शेजारच्या सीटवर पडलेला, अजून चालू. मास्तरांना दम लागला होता आणि त्यांचाच श्वास क्षणभर उशिरानं त्या फोनमधून बाहेर येत होता. फोन कापायचं दोघांनाही सुचलं नव्हतं. मास्तरीणबाईंनी तो आता कापला. मग त्या रस्त्याच्या कडेला, झाडीत, दरीच्या तोंडाशी जाऊन हाका मारून आल्या. किती वेळ मारल्या कुणास ठाऊक. परत आल्या तेव्हा त्यांना आवाज उरला नव्हता.

मास्तर ड्रायव्हरच्या दाराशी उभे होते. पेडल तळाला टेकलेलं होतं. पेडलवरचं रबर, कालपर्यंत धड असलेलं रबर, मधोमध झिजलेलं होतं. सीटची गादी बसल्यासारखी खोल होती, पुढच्या कडेला जास्त. कुणीतरी टोकावर सरकून, स्टिअरिंगला धरून बसलं होतं तशी. ती गादी हळूहळू वर यायला हवी होती. येत नव्हती.

मास्तरांनी आत हात घातला नाही. त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. ते मागे गेले आणि मागच्या, सगळ्यात लांबच्या चाकाशी, तापलेल्या डांबरावर आडवे झाले. इथून सीट दिसत नाही. इथून कुणाचं तोंड दिसत नाही. इथून सगळा कारभार शब्दावर चालतो.

"धर," ते म्हणाले.

थोडा वेळ नुसतं इंजिन.

"धरलंय."

मास्तरीणबाईंच्या हातातला फोन रस्त्यावर पडला. त्या धावत ड्रायव्हरच्या दाराशी गेल्या, आत बघितलं आणि दार तसंच उघडं टाकून परत आल्या. मग त्यांनी कडेचा एक मोठा दगड छातीशी धरून उचलला, पुढच्या चाकाला लावला. दुसरा आणला, तोही लावला. त्यांची नखं फुटली होती. त्या मास्तरांच्या डोक्याशी येऊन बसल्या.

"दगड लावलेत मी," त्या फाटक्या आवाजात म्हणाल्या. "आता गाडी जात नाही कुठे. सोड म्हणा तिला."

मास्तरांनी गाडीखालून त्या दगडांकडे बघितलं.

"अहो, म्हणा ना. तुम्ही म्हटल्याशिवाय ती उचलायची नाही पाय. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

ठाऊक होतं. तेवढंच तर ठाऊक होतं. आपण तो शब्द म्हटला की पेडल हळू वर येणार, लाल दिवे विझणार, ती "सोडलंय" म्हणणार, आणि मग त्या गाडीत उत्तर देणारं कोणी उरणार नाही, हे त्यांना तेलातल्या बुडबुड्यासारखं स्वच्छ दिसत होतं. किंवा तसं होणार नाही. ती दार उघडून उतरेल, टकलावर टपली मारेल. हेही होऊ शकेल. मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

"तिच्या पायांना रग लागली असेल हो," बायको म्हणाली.

वर, गाडीच्या अंगात, काहीतरी बारीक थरथरत होतं. डांबरावर पडलेला लाल उजेड त्याबरोबर हलत होता. मास्तरांनी चाकावर हात ठेवला.

"धर, बाळा," ते म्हणाले. "अजून थोडं धर."

"धरलंय," ती म्हणाली. तिच्या आवाजात रडू होतं.